डाव्या पायाचा आकडा

लिफ्टमामांचा पाय लिफ्टच्या खड्ड्यात मोडला, हे सांगताना लोकांना हसू आवरत नसे. अर्धं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला माणूस, आणि पडला तो शिडीची शेवटची पायरी चुकली म्हणून. मामाही हसत. प्लास्टर निघाल्यावर ते पुन्हा सायकलवर बसले, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

सायकल क्लबात सगळे त्यांना मामाच म्हणत, कारण बाकीचे त्यांच्या भाच्यांच्या वयाचे. क्लबाची चार जणांची टीम दरवर्षी चढाच्या शर्यतीला जाई. चौघांनी एकत्र सुटायचं आणि वेळ धरायची ती शेवटी पोचणाऱ्याची. तीन जागा ठरल्या होत्या. चौथीसाठी दोघं होते, मामा आणि एक ड्रॉइंगचे मास्तर. निवड कॅप्टनच्या हाती. कॅप्टन दातांचे डॉक्टर, त्यांचा भरवसा आकड्यांवर. चढावर वीस मिनिटं दोनशे वॅटचा जोर टिकवला की जागा मिळणार होती.

मामांचं पॉवर मीटर एकशे साठ दाखवत होतं.

हे मीटर म्हणजे पेडलच्या डाव्या दांड्याला चिकटवलेली बोटभर डबी. पाय किती जोर लावतो ते हँडलवरच्या पडद्यावर दिसतं. अपघाताआधी तिथे दोनशेच्या वर आकडा असायचा. तोच चढ मामा आताही जवळपास तेवढ्याच वेळात चढत होते. त्यामुळे त्यांनी निकाल देऊन टाकला, की मीटर बिघडलंय.

"आमचा वजनकाटाही असाच खोटारडा आहे," बायको शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली.

मामांनी मनावर घेतलं नाही. लिफ्ट अडकली की ते अंदाज बांधत नसत. वीज येते का, इथून सुरुवात करायची आणि एकेक करत पुढे जायचं. त्यांनी नवी बॅटरी घातली. सायकल बाल्कनीत नेऊन गार होऊ दिली, पेडलवर पाय न ठेवता मीटर शून्यावर आणलं. दांड्याचा बोल्ट आवळला. दांड्याची लांबी फुटपट्टीने मोजून मीटरसाठी मोबाइलमध्ये भरलेल्या आकड्याशी ताडून पाहिली. आकडा बरोबर होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढावर गेले, पुन्हा एकशे साठ.

मग त्यांनी कामावरून वीस किलोचं लोखंडी वजन घरी आणलं. लिफ्टची भार चाचणी घेतात त्यातलं एक. हे आता इथेच राहायला आलं का, असं बायकोने विचारून घेतलं. मामांनी ब्रेक बांधून चाक पक्कं केलं, डावा दांडा आडवा धरला आणि वजन पेडलला टांगलं. हिशेबाने जेवढा आकडा यायला हवा तेवढाच आला. वजन काढून परत लावलं. तेवढाच.

मामांनी वजन उतरवून ठेवलं. मीटर शहाणं होतं. म्हणजे कमी पडत होते ते स्वतः.

संध्याकाळी ते डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले आणि मीटर ठीक आहे, एवढं सांगून उठायला लागले. डॉक्टरांनी हातमोजे काढले.

"बसा हो मामा. दाढ काढून वर्ष होतं, दुखणं संपलेलं असतं, तरी माणूस दुसऱ्याच बाजूने चावतो. विचारलं तर शपथेवर सांगतो, दोन्हीकडून चावतो म्हणून. तुमचा पाय कुठला मोडला होता?"

"डावा," मामा म्हणाले, आणि परत खुर्चीत टेकले.

मीटर फक्त डाव्या पायाचं ऐकतं आणि त्याची दुप्पट करून सांगतं, हे विकणाऱ्याने तेव्हाच सांगितलं होतं. दोन्ही पाय सारखे होते तोवर ते लक्षात ठेवायची गरजच पडली नव्हती.

घरी येऊन त्यांनी वजन उजव्या पेडलला टांगलं. पडद्यावर शून्य. मग बायकोने टेप काढून दोन्ही मांड्या मोजल्या. डावी दोन बोटं बारीक भरली. तिची थट्टा तिथेच थांबली.

"फिजिओथेरपीवाल्या बाईंनी व्यायाम दिले होते ना? कधी सोडलेत?"

"सायकल सुरू केली तेव्हा."

सायकलच्या दुकानात मागचं चाक अडकवायचा एक स्टँड होता. त्याच्यावर दोन्ही पायांचा मिळून जोर मोजला जाई. डॉक्टरांनी मामांना त्यावर बसवलं. वीस मिनिटांनी आकडा दोनशेच्या थोडा वरच निघाला. डॉक्टर खूश झाले, जागा तुमची म्हणाले.

मामांनी घाम पुसला आणि मान हलवली.

"डॉक्टर, लिफ्टचा एक दोर ढिला पडला तर लिफ्ट बंद पडत नाही. झकास चालते. बाकीचे दोर झिजत राहतात. शर्यतीचा चढ वीस मिनिटांचा नाही. माझा उजवा पाय मध्येच धरला, तर तुम्ही तिघं रस्त्यात उभे राहाल. मला महिना द्या. माझ्या त्या डाव्या पायाच्या मीटरवर दोनशे आणतो."

"आणि नाही आले तर?"

"मास्तरांना घ्या."

हातात आलेली जागा परत देऊन आलेल्या नवऱ्याला बायकोने त्या दिवशी बरंच ऐकवलं. तपासायचं तर आधी डोकं तपासायला हवं होतं, असंही म्हणाली. पण उजवा पाय टेकायला स्टूल तिनेच आणून दिलं. मामांनी डाव्या पायाने एकट्याने पेडल मारायला घेतलं. पहिल्या दिवशी पेडल वर येताना दर वेळी अडखळलं, आणि मिनिटभरातच पाय लटपटायला लागला. त्यांनी श्वास घेतला आणि परत सुरू केलं. सोडलेले व्यायामही पुन्हा धरले. कामावर जिने चढताना पहिलं पाऊल डावं टाकायचं ठरवून टाकलं.

महिना संपला तेव्हा डॉक्टर स्वतः चढाच्या माथ्यावर येऊन थांबले. मामा पोचले, हँडलवर वाकून दम घेत राहिले. पडद्यावर एकशे चौऱ्याण्णव होते.

डॉक्टरांनी वाकून आकडा वाचला. "स्टँडवर आत्ता घेतलं, तर याहून जास्त निघेल," ते म्हणाले.

"निघेल. पण बोलणं याच मीटरवर झालं होतं."

"मामा, माझ्या मनात तुम्हीच होतात."

"मास्तरांना मी फोन करतो. शेवटच्या वळणाआधी दम राखून ठेवायचा, एवढं त्यांना सांगायला हवं. तिथे ते नेहमी घाई करतात."

फोन झाला. मास्तर पलीकडून काय बोलले ते डॉक्टरांना ऐकू आलं नाही. मामा पाण्याचे दोन घोट प्याले. पुढच्या वर्षीची निवड कोणत्या महिन्यात असेल, ते त्यांनी विचारून घेतलं. मग सायकल वळवली आणि उतार उतरू लागले. त्या दिवसाचा डाव्या पायाचा सराव अजून व्हायचा होता.