बिघडवायला घेतलेला धागा

ग्रनोबलच्या कुठल्याही रस्त्याच्या टोकाला डोंगर उभा असतो, असं तिथले लोक छाती फुगवून सांगतात. मारीवॉन तांगीला त्या कौतुकाचा संताप येई. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या बाईला रस्त्याच्या टोकाला काहीच नसण्याची सवय. इथे येऊन तिला इतकी वर्षं झाली, तरी घराबाहेर पडलं की समोरून कुणी दार लावून घेतल्यासारखं वाटे. हिवाळ्यात तर धुकं झाकणासारखं खोऱ्यावर बसे आणि आठवडा आठवडा हलत नसे.

नशिबाची गंमत बघा. तिचा बाप फाँश जन्मभर बोटीतून लांब आकडा टाकून समुद्रातलं शेवाळ उपटत आला, आणि मुलगी फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, प्रयोगशाळेत बसून, त्याच शेवाळाच्या डिंकाचे धागे ओढत होती. तो डिंक आइसक्रीममध्ये जातो. प्रयोगशाळेला मात्र तो आतून कसा रचलेला आहे ते हवं होतं. त्याचा रेणू म्हणजे साखरेच्या कड्यांची लांबलचक साखळी. नुसत्या डिंकात या साखळ्या कशाही पडलेल्या असतात. धागा दमट हवेत वजन बांधून हळूहळू ताणला, की त्या विंचरलेल्या केसांसारख्या शेजारी शेजारी बसतात आणि त्यांचे बारीक स्फटिक होतात. मग त्यातून क्ष-किरण सोडले की फिल्मवर ठिपके उमटतात, आणि ठिपक्यांवरून साखळीचा पीळ काढता येतो. धागा बिघडला तर ठिपके नाहीत, नुसती पुसट वर्तुळं. मारीवॉनचा धागा बिघडत नसे. तिथेच तिचं घोडं अडलं होतं.

तिच्या गावाजवळच्या सागरी केंद्रात एक जागा निघाली होती. बदलीला विभागप्रमुख शापुईंची संमती हवी होती. फाँशच्या डोळ्यांना असा रोग जडला होता की कडेचं दिसे, मधलं दिसत नसे. बोट विकून झाली होती. आता तो एकटाच घरात चाचपडत होता, दूध उतू गेलं की वासावरून ओळखत होता. मारीवॉनला त्याच्याजवळ जायचं होतं, बस्स. पण शापुईंनी कारण विचारलं तेव्हा ती "घरगुती" एवढंच बोलली. तिच्या गावची माणसं अशीच. वादळात बोट फुटली तरी शेजाऱ्याला सांगणार, आज जरा वारा होता.

"मादमोआझेल तांगी, तुम्ही गेल्यावर धागे कोण ओढणार? मी?" शापुईंनी आपली जाडजूड बोटं नाचवली. "पुढच्या वर्षी बघू."

गेल्या वर्षीही पुढचंच वर्ष होतं.

"एकदा तरी कामाची माती कर की गं," शेजारच्या टेबलावरची ओदिल म्हणाली. "साहेब स्वतः तुझी बॅग उचलून स्टेशनवर पोचवतील." ओदिल बोलून मोकळी झाली, पण मारीवॉनच्या डोक्यात ते घर करून बसलं.

धागा ज्या काचपेटीत टांगतात तिच्या तळाशी मिठाच्या पाण्याची बशी असते. मीठ पुष्कळ प्रकारचं, आणि जसं मीठ तशी पेटीतली दमट हवा. जानेवारीत एके दिवशी मारीवॉनने नेहमीची बशी काढून भलत्याच मिठाची ठेवली. तेवढ्याने भागेना म्हणून वजनही वाढवलं. आता धागा फुगेल, लोंबेल, तुटून बशीत पडेल. आयुष्यात तिने काम मुद्दाम नासवलं नव्हतं. झाकण मात्र तिने नेहमीसारखंच नीट लावलं.

धागा तुटला नाही. तिने तो तसाच यंत्रात चढवला आणि फिल्म इतर फिल्मांबरोबर धुवायला पाठवून दिली.

त्याच आठवड्यात शुक्रवारी प्रयोगशाळेत राजांच्या सणाचा केक कापला. त्यात लपवलेला मातीचा दाणा ज्याला सापडतो तो त्या दिवसाचा राजा. दाणा नेमका मारीवॉनच्या दाताखाली आला, आणि ओदिलने तिच्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट चढवला. सगळे तिच्या नावाने सफरचंदाची सायडर पीत होते, तेवढ्यात शापुई पाणी गळणारी फिल्म घेऊन आले.

"हे कुणाचं?"

"माझं," मारीवॉन म्हणाली. सुटले एकदाची, असं तिच्या मनात आलं.

शापुईंनी फिल्म दिव्यासमोर धरली. पार कडेपर्यंत ठिपके होते, टाचणीने टोचल्यासारखे. इतके त्या खोलीत कुणी कधी पाहिले नव्हते. शापुईंनी तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मारीवॉनने डोक्यावरचा मुकुट काढला.

"साहेब, मी चुकीचं मीठ ठेवलं होतं," ती म्हणाली. "मुद्दाम. हे बिघडावं म्हणून. मला जाऊ द्यावं म्हणून."

मग शापुई असे हसले की हातातली फिल्म थरथरली. "ऐकलंत? ही बाई बिघडवायला बसली तर असं बिघडवते! सोमवारी आणखी बिघडवा, मादमोआझेल, हवे तेवढे बिघडवा!"

"आणि बदलीचं?"

"आता? आता तर मी दाराला कुलूप घालतो!"

खोलीभर हशा पिकला. एकटी ओदिल हसली नाही. पुढच्या आठवड्यात तिने तीच बशी, तेच वजन लावून पाहिलं. दुसऱ्या कुणाला जमलं तर मैत्रिणीची सुटका होईल म्हणून जीव लावून पाहिलं. तिचे सगळे धागे बशीत पडले.

त्या रविवारी जेवणानंतर फाँशचा फोन आला. तो नेहमी बंदरावरच्या बारमधून बोलायचा. मागे पत्त्यांचा डाव रंगलेला ऐकू येत होता.

"मग? कधी येतेस?"

"बाबा, ते सोडत नाहीत."

"माझ्या डोळ्यांचं सांगितलंस ना त्यांना?"

मीठ बदलून झालं होतं, वजन वाढवून झालं होतं, सगळ्यांदेखत गुन्हा कबूल करून झाला होता. हे एवढं मात्र तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. केकच्या वेळी डोळे भरून आलेल्या शापुईंना हे एक वाक्य पुरलं असतं. आता ते आपण बोललोच नाही, हे पलीकडच्या म्हाताऱ्याला सांगायचं कसं?

"सांगितलं," ती म्हणाली.

"तरी नाही म्हणाले?"

"तरी नाही म्हणाले."

"मग वाईट माणसं आहेत ती."

"हो, बाबा," मारीवॉन म्हणाली. "वाईट आहेत."