भालेराव सरांचा पासवर्ड

खरं सांगायचं तर बिघाड राउटरमध्येही नव्हता आणि एसीमध्येही नव्हता. बिघाड जयाबाईंच्या बोटात होता, आणि त्या तो कुणाला सांगणार नव्हत्या.

त्यांचे यजमान उत्तरेश्वर भालेराव यांनी शनिवार पेठेत उभा जन्म टायपिंगचा क्लास चालवला. क्लास बंद झाला, पण कळ दाबताना अक्षर खणखणीत उच्चारायची सरांची खोड काही सुटली नाही. दुसरी खोड गारव्याची. तरुणपणी पंखा पाचावर, आणि आता लेकीने, पूर्वाने, बसवून दिलेला मोबाइलवरून चालणारा एसी अठरावर! जेवण झालं की सर त्या गारठ्यात घोरत पडायचे आणि शेजारी जयाबाई भर एप्रिलात स्वेटर घालून कुडकुडायच्या. रेग्युलेटर म्हणा, रिमोट म्हणा, सगळा कारभार कायम सरांच्या हातात. जरा वाढवा म्हटलं, की उत्तर ठरलेलं, पांघरूण घे.

पूर्वाने सासरी परतताना ते अ‍ॅप गुपचूप आईच्याही मोबाइलवर टाकून दिलं आणि घरातली हवा पहिल्यांदाच जयाबाईंच्या मुठीत आली. घोरणं सुरू झालं की त्या पांघरुणाखालून सत्तावीस करायच्या आणि गुमान डोळे मिटायच्या.

सर घामाघूम होऊन उठायचे. कनेक्शनच भिकार, दुसरं काय! त्यांनी राउटर बंद करून चालू केला, फ्रिजमागून काढून टीव्हीशेजारी ठेवला, तिथून कपाटावर चढवला. जयाबाई साळसूदपणे स्टूल धरून उभ्या. कंपनीचा माणूस आला, सगळे दिवे हिरवे आहेत म्हणाला आणि चहा पिऊन गेला. बिचाऱ्याची फुकट खेप झाली म्हणून बाईंनी त्याला लाडूही दिला.

शेवटी कस्टमर केअरच्या मुलीने सांगितलं, की अ‍ॅपचा पासवर्ड आणखी कुणाकडे तरी असणार, तो बदला. बदलला की बाकीचे मोबाइल आपोआप बाहेर. म्हणजे जयाबाईंचाही. पण सर बाहेरच्या खोलीत बसून नवा पासवर्ड टाइप करू लागले, तोही इंग्रजीत, एकेक अक्षर मोठ्याने. स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता बाईंचा तो पाठ झाला. दुपारी पुन्हा सत्तावीस. सरांनी पुन्हा बदलला, बाईंनी पुन्हा ऐकला.

अशात हडपसरच्या धाकट्या बहिणीचा, हिराचा, पाय मुरगळला आणि जयाबाई तिच्याकडे राहायला निघाल्या. बसमध्ये त्यांना एकदम धसका बसला. आपण नसताना एसी शहाण्यासारखा वागला, तर बिंग फुटलंच की! मग मोबाइलमधलं ते अ‍ॅपही जाणार आणि पुन्हा तोच स्वेटर. म्हणून दुपारी सरांची झोपेची वेळ होताच त्यांनी हडपसरमधून सत्तावीस केलं. एकटा माणूस तिकडे घामाने भिजत असेल, याचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, थोडी मजाही वाटली.

घटकाभराने सरांचा फोन आला. परत तेच झालं म्हणाले. आवाज नको इतका शांत होता. आत्ताच पासवर्ड बदलतो, तू फोन ठेवू नकोस, असं सांगून त्यांनी स्पीकर लावला. बाईंनी झटकन पेन्सिल घेतली आणि वर्तमानपत्राच्या कडेला अक्षरं उतरवू लागल्या. टी, यू, सी, एच, एन, ए, जे, ए, वाय, ए.

मग त्यांनी सगळं एकत्र वाचलं. तूच ना जया.

त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काय झालं म्हणून हिरा विचारत होती, तिला त्यांनी हातानेच गप्प केलं.

"परवा मी जागाच होतो," सर म्हणाले. "घोरत होतो ते नुसतं सोंग."

आता लपवण्यात काय अर्थ? "अहो, मला थंडी वाजते," जयाबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून सांगतेय."

 

"चोवीस?" सरांनी विचारलं.

"सव्वीस."

"बरं, पंचवीस. आणि हा पासवर्ड बदलू का?"

"राहू दे," जयाबाई म्हणाल्या. "मला पाठ झालाय."