तीन आठवडे चांगली हवा

शनिवारी सकाळी फोडणीत मिरची जळली आणि जाळली मीच. कढई गॅसवर, कढीपत्ता हातात आणि लक्ष फोनवर. ठसका असा उठला की मी शिंकत बाल्कनीत पळाले आणि हॉलमध्ये दिवाणावर मटार सोलत बसलेल्या आईने पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला. डोळे पुसत आत आले तेव्हा लक्षात आलं, की कोपऱ्यातला एअर प्युरिफायर गप्प आहे. त्याच्यावरचा दिवा निळा होता. निळा म्हणजे हवा छान. घरात उभं राहवत नव्हतं आणि हे काळं खोकं मला हवा छान आहे म्हणून सांगत होतं.

माझं डोकं फिरलं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते, पण घाबरलं की मला आधी राग येतो. वडिलांचीही हीच खोड होती.

ह्या मशीनच्या भरवशावर मी आईला ठाण्यात माजिवड्याला माझ्याकडे ठेवलं होतं. त्याआधी चाळीसेक वर्षं ती डोंबिवलीत राहिली, बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर, वडील गेल्यावर एकटी. मागच्या वर्षी तिला जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, स्कॅन काढला आणि सांगितलं, की फुफ्फुसं कडक व्हायला लागली आहेत. जे झालंय ते मागे जाणार नाही, पण धूळ-धूर टाळला तर पुढचं लांबवता येईल. त्यातलं 'लांबवता येईल' एवढंच मी धरून बसले आणि तिला माझ्याकडे घेऊन आले. घरात आम्ही दोघीच. पण माझ्या सहाव्या मजल्यावरच्या खिडक्या हायवेकडे उघडतात, आणि खाली कशाचं ना कशाचं खोदकाम चालूच असतं. सकाळी टीव्ही पुसला तर संध्याकाळी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. आई म्हणाली, "डोंबिवलीत केमिकलचा वास यायचा, पण तो कुठून येतो ते तरी माहीत होतं." त्याच आठवड्यात मी प्युरिफायर घेतला.

आणि घेतल्यापासून मी त्याच्याच तालावर जगायला लागले. निळा, नारिंगी, लाल. लाल झाला की त्याचा पंखा घोंघावायला लागायचा आणि माझं तोंड सुटायचं. फोडणी बंद, तळण बंद, उदबत्ती बंद. देवापुढचं निरांजनसुद्धा बरीच घासाघीस करून मी दोन मिनिटांवर आणलं. त्यात ह्या मशीनचं ॲप माझ्या फोनवर. मी ठाण्यात एका कॉलेजच्या ऑफिसात खिडकीवर बसते. चुकीचे फॉर्म भरून आणणाऱ्यांना दिवसभर धारेवर धरणं हेच माझं काम. तर त्या खिडकीत बसल्या बसल्या मला घरातल्या हवेचा आकडा दिसायचा. आकडा चढला की मी घरी फोन लावायचे.

"आई, काय केलंस?"

"काही नाही गं. जिऱ्याची फोडणी, एवढीशी."

"एवढीशी नाहीये. मी आकडा बघतेय."

"तुला तिथे बसून कसं दिसतं?" असं ती सुरुवातीला कौतुकाने विचारायची. पुढे पुढे नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवायला लागली.

मग तीन आठवडे आकडा चढलाच नाही. सकाळी निळा, संध्याकाळी निळा. मी खूश, इतकी की सुट्टीच्या दिवशी फोडणीची मुभा मीच स्वतःला दिली. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला सांगितलंसुद्धा, की आईला एकदाचं पटलं बाई.

त्या शनिवारी गॅस बंद केला आणि कढई तशीच टाकून मी मशीनपुढे फतकल मारून बसले. प्लग काढला, दहापर्यंत आकडे मोजले, परत लावला. निळा. दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहिला. निळा. बटण दाबून हाताने वेग वाढवला तर पंखा जोरात फिरला, म्हणजे मोटर शाबूत होती. पण ऑटोवर सोडला की दोन मिनिटांत परत पेंगायला लागायचा. मागचं झाकण उघडून फिल्टर काढला, बाल्कनीत नेऊन ब्रशने झटकला आणि त्यातली सगळी धूळ स्वतःच्या नाकात घेतली. फिल्टर लावल्यावर दाबून धरायचं एक बटण असतं, तेही दाबून धरलं. माहितीपुस्तिका शोधली. ती मराठी सोडून बहुतेक सगळ्या भाषांत होती. मी उठत होते, बसत होते, मधेच खिडकी उघडत होते, बाहेरची धूळ आठवली की लावत होते.

"मग तसाच हाताने चालव की," आई म्हणाली. "फिरतोय ना? झालं तर."

"आणि तू दिवसभर काय करतेस ते मला ऑफिसात कसं कळणार?"

हे मी बोलून गेले.  आईने पुढची शेंग उचलली.

मला वाटलं, धूर अगदी जवळ नेऊन बघावा. "उदबत्ती आहे का गं घरात?"

"तूच टाकून दिल्यास ना सगळ्या."

मी नुसती तिच्याकडे बघत राहिले. मिनिटभराने ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तांदळाच्या डब्यामागून अर्धा संपलेला पुडा घेऊन आली. माझ्याकडे न बघता तो टीपॉयवर ठेवला. त्या वेळी भांडायला मला सवड नव्हती. तिला आतल्या खोलीत पाठवून मी एक उदबत्ती पेटवली आणि मशीनच्या तोंडाशी धरली. धूर सरळ आत जात होता. दिवा निळाच. उदबत्ती विझवली आणि हेल्पलाइनला फोन लावला.

आधी वाजंत्री, मग एक दाबा, दोन दाबा, परत वाजंत्री, आणि शेवटी एक मुलगी. तिला मी सगळं एका दमात सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, एकदा बंद करून चालू करून बघता का?" त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. बिचारी शांत राहिली. टेक्निशियन मंगळवारी येईल म्हणाली, दहा ते सहामध्ये कधीही.

"आणि मंगळवारपर्यंत माझ्या आईने श्वास घ्यायचा नाही का?"

आई तोपर्यंत परत दिवाणावर येऊन बसली होती. तिने ते ऐकलं.

"मॅडम, सेन्सर साफ केलाय का?" मुलीने विचारलं. "बाजूला खाली एक बारीक जाळी असेल बघा. सुक्या कापसाने पुसून घ्या. मी लाइनवर आहे."

"आई, कापूस दे."

"संपलाय."

आमच्या घरात कापूस संपणं शक्यच नाही. निरांजन दोन मिनिटांवर आलं तरी आईचं वाती वळणं थांबलेलं नव्हतं. मी कपाटाचा खण ओढला, तर आत गुंडाळीच्या गुंडाळी. आई आता मटारची रिकामी सालं परत चाचपून बघत होती.

जाळी काही दिसेना. फोनचा टॉर्च लावला, मशीन आडवं केलं, खालच्या बाजूने बोट फिरवलं. गुळगुळीत प्लास्टिकवर एका ठिकाणी मखमलीसारखं काहीतरी लागलं. कड नखात धरून ओढली तर सुटून आलं. टिकली. मोठी, काळी, माझ्याच टिकल्यांच्या पाकिटातली. तिला खेटून दुसरी होती. दोन्हींच्या खाली जाळी.

मशीन बसवायला आलेल्या माणसाने ही जाळी आम्हा दोघींना दाखवली होती, ते मला तेव्हा आठवलं. "हे ह्याचं नाक, काकू. इथून वास घेतो." मी विसरून गेले होते. आईने बरोबर ध्यानात ठेवलं होतं.

मशीन सरळ केलं. बघता बघता दिवा नारिंगी झाला, मग लाल, आणि पंखा घोंघावत उठला. त्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. फोनमधली मुलगी विचारत होती, "मॅडम, झालं का?" झालं म्हटलं आणि ठेवला.

"हे तू लावलंस?"

"हो."

"अगं, पण का? कोणासाठी आणलंय मी हे?"

"तो लाल झाला की तू ओरडतेस," आई म्हणाली. "घरी असलीस तर इथून, नसलीस तर फोनवरून. आणि फोडणीशिवायची आमटी मला गिळवत नाही."

ती हे इतकं सरळ बोलली की मला हसू आलं. दोन टिकल्यांत तिने मला, त्या ॲपला आणि हजार सूचनांच्या त्या पुस्तिकेला गुंडाळून ठेवलं होतं. मी हसत हसतच विचारलं, "आणखी काय काय लपवलंयस? एकदाच सांगून टाक." मला वाटलं, आता तळलेल्या पापडांचा डबा निघेल.

आईने मटारचं ताट बाजूला ठेवलं.

"केस," ती म्हणाली.

"केसांचं काय?"

"हात वर धरला की दम लागतो. विंचरता येत नाही. म्हणून तुला वेणी घालायला सांगते."

महिनाभर ऑफिसला निघायच्या आधी मी तिची वेणी घालत होते. म्हातारपणी आईला माझा हात डोक्यावरून फिरावासा वाटतो, असा माझा समज होता. मनातून मी सुखावलेही होते.

"आंघोळीला स्टूल घेते, ते गुडघ्यांसाठी नाही. बाथरूममधून इथवर यायचं तर मधे खुर्चीवर टेकावं लागतं. तू घरी नसतेस तेव्हा दोनदा टेकते." वाण्याची यादी सांगावी तसं ती एकेक सांगत होती. "खोकला येतो तेव्हा नळ सोडते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रोज विचारतेस ना, कशी आहेस म्हणून. तेव्हा तुझा चेहरा बघवत नाही गं. बरं आहे म्हटलं की तो जरा सैल पडतो."

ह्यावर मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी ओरडले. तुला अक्कल आहे का, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, मी कोणासाठी मरमर करते, उद्या काही झालं तर मी काय करायचं. एकीकडे मशीन घोंघावत होतं आणि दुसरीकडे मी. आईने मला पूर्ण बोलू दिलं. मी थांबले तेव्हा म्हणाली, "तरी म्हटलं, सांगू नये." मग मटारचं ताट परत पुढ्यात ओढून, "तुझी कढई करपली असेल बघ."

कढई खरंच करपली होती. ती घासता घासता मला रडू फुटलं. तीन आठवडे मी निळा दिवा बघून खूश होत होते, मैत्रिणीला सांगत होते, आणि त्याच तीन आठवड्यांत माझ्यापासून दहा पावलांवर आई खुर्चीला धरून दम खात होती. ह्याची मला भयंकर लाज वाटली. बाहेर येऊन तिला तसं सांगावं असं फार वाटलं. पण बाहेर आल्यावर मी "चहा घेणार का?" एवढंच विचारलं, आणि ती हो म्हणाली.

डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली. मधल्या रविवारी मी दहा वेळा तरी तिच्या खोलीत डोकावले असेन. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "आहे मी." सोमवारी रजा टाकली आणि रिक्षाने तिला घेऊन गेले. दवाखान्यात पायऱ्या मोजून पाच होत्या. तिसरीवर ती थांबली आणि चप्पल नीट करायला लागली. चप्पल ठीकच होती, हे मला आता कळत होतं. मीही तिच्याबरोबर उभी राहिले. काही बोलले नाही, आणि न बोलणं किती अवघड जातं ते त्या पायरीवर समजलं.

डॉक्टरांनी तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, पाठीला नळी लावून ऐकलं. मग खुर्चीवर रेलून म्हणाले, "बोला आजी. कसं वाटतंय? दम किती लागतो?"

आईने उत्तर देण्याआधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे काय होतं ते मला ठाऊक नाही. मी हसायचा प्रयत्न केला, तो जमला नसावा. ती डॉक्टरांकडे वळली आणि म्हणाली, "तसं बरं आहे."

मी उठले. "डॉक्टर, मी बाहेर बसते," म्हटलं. "ती तुम्हाला सगळं सांगेल."

माझ्यामागे दार लोटलं गेलं. बाकावर बसल्याबरोबर माझा पाय हलायला लागला.  मग आतून आईचा आवाज आला, अगदी हळू. शब्द कळत नव्हते. ती बोलत होती, दम घ्यायला थांबत होती आणि परत बोलायला लागत होती. इतकं सलग ती माझ्याशी कित्येक दिवसांत बोलली नव्हती. मी दोनदा उठले आणि दोनदा खाली बसले. आत गेले नाही.