टाकीच्या झाकणावरची हळद

आमचा वर्धा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात जाऊन पोचला, पण माझा ट्रक नाचणगावच्या अलीकडचा ओढ्यावरचा बुटका रपटा काही धड ओलांडत नव्हता. देवळीपर्यंत शहाण्या मुलासारखा यायचा आणि रपट्यानंतरचा चढ दिसला की आचके देऊन उभा राहायचा. मागे कापसाच्या गाठी, पुढे मी, आणि दोघंही उन्हात.

दुखणं मला ठाऊक होतं. टाकीतलं डिझेल ओढून इंजिनापर्यंत पोचवायला एक छोटा पंप असतो. माझ्या ट्रकचा पंप इंजिनाच्याच बळावर चालायचा, आणि त्याच्या पोटातला रबरी पडदा आता थकला होता. चढावर तो हात टेकायचा आणि इंजिन उपाशी मरायचं. मग खाली उतरून पंपाची बारकी दांडी अंगठ्यानं दाबत बसायचं, डिझेल वर चढेपर्यंत. माझ्या अंगठ्याला असा घट्टा पडला होता की त्यावर काडी ओढून विडी पेटवता आली असती.

त्याच वर्षी नाचणगावची एक मुलगी सांगून आली. मी, माझे मामा आणि आत्या असे तिघं पाहायला गेलो. मुलीच्या वडिलांनी मला पाहिलं आणि पान चघळायचं थांबवलं.

"हा तं थोच हाये," ते म्हणाले. "माह्या बांधापाशी गाडी उभी करून अंगठ्यानं काईतरी दाबत बसते थो."

त्यांचं शेत नेमकं रपट्याला लागून होतं. सारा हंगाम त्यांनी मला तिथं बसलेलं पाहिलं होतं.

मामांनी माझी बाजू सावरली. "गाडी हाये बुवा. थांबते कधीमधी. बैलबी थांबते."

"बैल माह्या हाकेनं थांबते. हे गाडी कोनाच्या हाकेनं थांबते?"

आत खुदकन कोणीतरी हसलं. थोडा वेळ आधी पाण्याचा तांब्या ठेवून, मान खाली घालून आत गेलेली मुलगीच ती. चेहरा मी धड पाहिला नव्हता, पण ते हसू ऐकलं आणि मी कामातून गेलो. लग्न करीन तर हिच्याशीच, नाहीतर ट्रक आहेच.

वडिलांनी मग अट घातली. "पोरगी देतो. पन वऱ्हाड याच गाडीत आनजा, अन् गोरजाच्या आंधी आनजा. रस्त्यात गाडी बंद पडली तं तिथूनच वापस जाजा. जलमभर दारात उभी राहून वाट पाहाले माही पोरगी नाई देत मी."

मला फार राग आला. माणूस खोटं बोलला असता तर इतका आला नसता.

दुसऱ्याच दिवशी मी माझा ट्रक दुरुस्त करणाऱ्या उस्तादाकडे गेलो. कापूस बाजारामागच्या कडुलिंबाखाली त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पेटी, एक खाट आणि तो. नागपूरच्या एका कबाड्याकडून मी विजेवर चालणारा पंप उचलून आणला होता, कुठल्याशा पेट्रोलच्या मोटारीतून निघालेला. उस्तादानं तो हातात फिरवून पाहिला.

"भाऊ, डिझेलच्या गाडीले पेट्रोलचा पंप? शेळीच्या मानेवर बैलाचं जू ठेवून राह्यला तू."

"ठेवून तं पाहू."

दोन दिवस तो कुरकुरत होता आणि दोन दिवस त्याचे हात चालत होते. जुना पंप काढला, त्या भोकावर पत्रा ठोकला, नवा पंप टाकीशेजारी बसवला, बॅटरीची तार ओढली आणि माझ्या पायापाशी एक बटण लावलं. मी बटण दाबलं. टकटकटकटक! कोंबडीनं ताटलीत दाणे टिपावे तसा आवाज. हळूहळू तो मंदावला, टक, टक... आणि थांबला. नळी काठोकाठ भरली होती. इंजिन पहिल्या फटक्यात उठलं.

उस्ताद खाटेवरून उभा राहिला. "बोलते लेकाचा! भूक लागली का बोलते, पोट भरलं का गप्प!" आमच्या ओळखीत असा दुसरा कोणीच नव्हता, हे दोघांच्याही लक्षात आलं. तरी जुना पंप त्यानं फडक्यात बांधून सीटखाली ठेवलाच. "बिजलीचा काय भरोसा."

त्यानंतर पंधरा दिवस मी त्या शेतावरून न थांबता नाचणगावापुढच्या पुलगावला गेलो आणि न थांबता परत आलो. दर वेळी बांधापाशी भोंगा वाजवायचो, लांबलचक. होणाऱ्या सासऱ्यांनी एकदाही मान वर केली नाही. पण ते मोजत असणार, याची मला खात्री होती.

लग्नाच्या दिवशी नालवाडीत सकाळीच मला हळद लागली. आत्या हळदीची मालकीणबाई. तिच्यापुढे आमच्या घराण्यात वाद घालायची रीत नव्हती. तिचा नवरा तर काही बोलायचीच रीत विसरला होता. मला हळद लावून झाली आणि तिची नजर अंगणातल्या ट्रककडे गेली.

"अवो बायांनो, आज सारं वऱ्हाड याच्याच जिवावर हाये. यालेबी हळद लावा."

"कुठीसा लावाव?" एकीनं विचारलं.

"खाते कुठून थो? तोंडालेच लावा ना."

ट्रकचं तोंड म्हणजे टाकीचं झाकण, असा निर्णय झाला. टाकी मी आदल्या दिवशीच गळ्यापर्यंत भरून आणली होती. पाच सवाष्णींनी पाच-पाच बोटं हळद लावली, वर कुंकू, त्यावर भिजवलेले तांदूळ. दुपारच्या उन्हात ते सगळं वाळून घट्ट झालं. मी पाटावर बसून कौतुकानं पाहत होतो. आपली गाडीसुद्धा नवरदेव झाली म्हणून माझे डोळे भरून आले होते. इतका मूर्ख माणूस मी पुन्हा झालेलो नाही.

हळद लागल्यावर आत्यानं मला ताकीद दिली. "आता काळ्या तेलाले हात लावाचा नाई, लोखंडाले हात लावाचा नाई, मधात उतराचं नाई." आणि हातात लिंबू खोचलेली कट्यार दिली. कट्यार लोखंडाचीच होती, पण ते बोलणार कोण?

स्टिअरिंग उस्तादाकडे, पलीकडच्या खिडकीशी मुंडावळ्या बांधलेला मी, मध्ये आत्या. मागे सतरंजीवर मामा, वऱ्हाडी आणि वाजंत्री. दिवस चांगलाच वर होता. गोरजाला मुबलक वेळ होता. मी मनात सासऱ्यांचा चेहरा रंगवत होतो.

वर्धा मागे टाकून थोडं पुढे गेलो आणि इंजिनानं आचका दिला. मग दुसरा. मग बंद.

कोणी काही बोलायच्या आत वाजंत्रीवाले खाली उडी मारून वाजवायलाच लागले. गाडी थांबली म्हणजे गाव आलं असं त्यांनी धरलं होतं. पोरं नाचायला लागली.

उस्तादानं पायापाशीचं बटण दाबलं. पंप गप्प.

"बोलून नाई राह्यला," उस्ताद म्हणाला. "मतलब पोट भरलं हाये."

"पोट भरलं तं मरते काऊन?"

"थे त्याले विचार."

मी उतरायला पाय बाहेर काढला तर आत्यानं धोतराचा सोगा धरला. "हळदीचा हाये तू!" साऱ्या वऱ्हाडात त्या ट्रकची नस माहीत असलेला मी एकटा, आणि मला खिडकीतून ओरडून सांगावं लागत होतं. "डाव्या अंगची नळी पाहा! डाव्या!" ते उजव्या अंगची पाहत होते. सनई कानात घुसत होती. शेवटी मामा म्हणाले, डिझेल तरी आहे का पाहू. काटा बिघडलेला असल्यामुळे टाकीत काडी घालूनच पाहायची आमची पद्धत. मामांनी शेजारच्या कपाशीच्या शेतातून पऱ्हाटीची वाळकी काडी मोडून आणली.

"हळद मोडू नोको," आत्या ओरडली. मामांनी नाजूकपणे कडेकडेनं झाकण उघडलं, काडी बुडवली, ओली काडी सगळ्यांना दाखवली आणि तसंच नाजूकपणे झाकण घट्ट लावलं.

उस्तादानं बटण दाबलं. टकटकटकटक! इंजिन उठलं.

सगळे मामांकडे पाहू लागले. मामांनी काडी फेकली नाही, खांद्याला लावून ठेवली.

देवळीच्या पुढे पुन्हा तेच. आचके, सनई, नाच, माझं ओरडणं. नळ्या पाहिल्या, तार पाहिली. उस्ताद जुना पंप काढून बसवायच्या गोष्टी करू लागला. त्याला निदान तासभर लागला असता आणि सूर्य बाभळींच्या शेंड्यावर आला होता. शेवटी मामांनी सगळ्यांना बाजूला सारलं, झाकण उघडून काडी बुडवली आणि झाकण लावलं. टकटकटक. गाडी चालू.

"माह्या हाताचा गुन हाये," मामा गंभीरपणे म्हणाले. मला त्यांचा हेवा वाटला. मी त्या पंपासाठी नागपूर पालथं घातलं होतं आणि तो पंप पऱ्हाटीच्या काडीचं ऐकत होता.

तिसऱ्यांदा गाडी कुठे थांबली ते सांगायला नको. रपटा ओलांडला, चढ लागला आणि सासऱ्यांच्या बांधापाशी, अगदी माझ्या नेहमीच्या जागेवर, ट्रकनं मान टाकली. पंप गप्प. गावातली घरं दिसत होती, मांडवाचा हिरवा पाला दिसत होता आणि सूर्य हातभर उरला होता.

वाजंत्रीवाले कंटाळले होते. "गाव तं दिसून राह्यलं," म्हणाले आणि चालत निघाले. त्यांच्यामागे वऱ्हाड निघालं. सगळं सामसूम झालं. आणि त्या सामसुमीत बांधावरून एक माणूस येताना दिसला. डोक्याला नवा फेटा, वऱ्हाडाच्या स्वागताला निघालेला. सासरे.

ते हसणं आता दुसऱ्या कोणाच्यातरी घरी जाणार, हे मला स्पष्ट दिसलं, आणि मग मी आत्याला भ्यायचं सोडून दिलं. सोगा सोडवला आणि उडी मारली. "अरे हळदीचा—" आत्या ओरडत राहिली. मामा काडी घेऊन पुढे आले, त्यांना बाजूला केलं, आणि ते झाकण मी स्वतःच्या हातानं फिरवलं.

सूंऽऽऽ.

हवा आत शिरल्याचा आवाज. लांब, तहानलेला. लगेच शेजारी पंप बोलू लागला, टकटकटकटक.

मी झाकण हातात धरून पाहत राहिलो. झाकणाच्या मधोमध सुईएवढं भोक असतं, डिझेल खाली गेलं की त्याच्या जागी हवा यावी म्हणून. ते भोक पाच सवाष्णींच्या हळदीखाली गाडलं गेलं होतं. पंप पोट भरून नव्हे, श्वास कोंडून गप्प बसत होता. आधी दोनदा ही हवा अशीच आत गेली असणार, पण सनईपुढे कोणाला ऐकू येणार?

"काय झालं?" सासरे जवळ येऊन उभे राहिले होते.

खोटं बोलायला सुचलं नाही. मी झाकण सासऱ्यांपुढे केलं. "हळद लावली मामाजी. भोक बुजलं. हवा नाई तं डिझेल येत नाई."

त्यांनी झाकण हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. "घासलेटच्या डब्याले एकच भोक पाडलं तं घासलेट पडते का?"

"नाई."

"मंग? थे आमच्या घरच्या म्हातारीलेबी समजते. तू एवढा बिजलीवाला."

मी मान खाली घातली. माझ्या मुंडावळ्या टाकीत बुडत होत्या. सासऱ्यांनी कुंपणाच्या बाभळीचा एक लांब काटा मोडला, झाकणाची हळद अंगठ्यानं खरवडली आणि काटा भोकात घालून आरपार काढला. फुंकर मारून पाहिली. मग झाकण स्वतःच टाकीवर बसवलं.

"गाडी बंद तं पडली," मी म्हणालो. कोणीतरी म्हणायलाच हवं होतं.

त्यांनी सूर्याकडे पाहिलं. "अट गाडीची होती. हळदीची नोती. चाल, बस. मीबी बसतो. आपल्या बांधावरून गावात गाडीत बसून जाईन म्हनून कवाचा पाहून राह्यलो. रोज नुसता भोंगा वाजवून जात होता तू."

ते आत्याच्या शेजारी दाटीवाटीनं बसले. गोरजाला मांडवात पोचलो. माझ्या हाताला डिझेलचा वास येत होता आणि भटजी अक्षता देताना दर वेळी नाक मुरडत होते.

त्या लग्नात मंगलाष्टकांपेक्षा झाकणाचीच गोष्ट जास्त चालली. सासऱ्यांनी ती पंगतीत सांगितली, स्वयंपाकाच्या चुलीपाशी सांगितली, दर वेळी काटा थोडा लांब होत गेला. आत्यानं फक्त एवढंच म्हटलं, की हळद लावली म्हणूनच पोचलो.

दुसऱ्या दिवशी निरोपाला ट्रक मांडवापुढे उभा केला. सासूबाई रडत होत्या. एवढा मोठा फेटेवाला माणूस, तोही फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होता. माझी बायको घुंगट ओढून हुंदके देत आईच्या गळ्यात पडली होती, आणि मला आपण कोणाचंतरी घर फोडून चाललो आहोत असं वाटून फार वाईट वाटत होतं. तेवढ्यात आत्या हळदकुंकवाची वाटी घेऊन आली. निघताना गाडीला लावायलाच हवं. तिनं दोन बोटं बुडवली आणि सवयीनं टाकीकडे वळली.

घुंगटातलं रडणं मध्येच थांबलं. बायको आईच्या गळ्यातून सुटली, दोन पावलं पुढे आली आणि बांगड्यांनी भरलेला हात तिनं टाकीच्या झाकणावर पालथा ठेवला.

"आत्याबाई, इथं नोका लावू," ती म्हणाली. "मले घरी पोचाचं हाये."

तिचे माझ्या कानांवर पडलेले पहिले शब्द ते. आत्यानं आयुष्यात पहिल्यांदाच हात मागे घेतला आणि बॉनेटवर दोन बोटं ओढली. सासरे रडतारडता मोठ्यानं हसले. मी बटण दाबलं. पंप थोडा वेळ बोलला, मग पोट भरून गप्प झाला, आणि आम्ही नालवाडीपर्यंत कुठेही थांबलो नाही.