बिनवासाचा गॅस आणि दादासोमामांचं नाक

पूर्वी आमच्या गल्लीत दादासोमामा यायचे तेव्हा आधी फरशीवर लोखंड आपटायचं, ठण्ण. मग जिन्यावर धापा. मग आरोळी: "गॅऽऽस! कडी काढा वो वैनी, खांद्यावर हत्ती हाय!"

ही आरोळी मला अशी जमते की एकदा समोरच्या दोन बायका खरंच रिकामी सिलिंडरं ओढत दारात आल्या. त्या दिवशी मला शिव्या पडल्या. पण मामा स्वतः हसून म्हणाले, "आवाज जमला गं. आता वजन उचल."

ते वजन त्यांनी सव्वीस वर्षं उचललं. शिवाजी पेठेतला कुठला जिना किती पायऱ्यांचा, कुठली पायरी निसटलेली, कुणाच्या स्वयंपाकघरात उजव्या हाताला वळायचं, सगळं त्यांच्या पायांना पाठ होतं. आणि त्यांचं नाक! सिलिंडर टेकवायचं, मान जराशी वाकडी करायची, एकच श्वास घ्यायचा. "नळी बदला. उद्या न्हाय, आज." सात-आठ वर्षांपूर्वी बायडाबाईंच्या उंबऱ्यावरच ते थांबले होते. "आक्का, देवाजवळचा दिवा लावू नका. आधी खिडकी उघडा." रेग्युलेटर रात्रभर गळत होता. बायडाबाई आमच्या समोर राहतात, सत्तरीच्या आहेत. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी त्या ही गोष्ट पाजतात.

मग मामांचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, आता पाण्याची बादलीसुद्धा डाव्या हातानं. एजन्सीचं काम सुटलं. त्यांची बायको अंजनाकाकू आमच्या आईला सांगत होती, "सकाळी नऊ वाजले की आंघोळ करून दारात उभारत्यात. जायचं तर कुठंच न्हाय. मी म्हटलं, बसा की. तर म्हणत्यात, बसलो तर उठायचं कशाला, ह्येच कळत न्हाय." हे सांगताना काकूनं आवाज जड करून त्यांची नक्कल केली. चांगली जमली होती. पण कुणी हसलं नाही.

त्याच पावसाळ्यात स्नेहल मॅडम आल्या. पुण्याच्या, एका कॉलेजात भौतिकशास्त्राचं संशोधन करणाऱ्या. त्यांना पेठेतल्या तळमजल्यावरच्या जुन्या दगडी घरांत रेडॉन नावाचा वायू किती साठतो ते मोजायचं होतं. त्यासाठी घराघरांत एक पांढरी प्लास्टिकची डबी टांगायची. तिच्या झाकणाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं, आत नखाएवढी फिल्म. वायू आत शिरतो आणि फिल्मवर त्याच्या बारीक खुणा उमटतात. तीन महिन्यांनी डबी काढायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या खुणा मोजायच्या.

मॅडम तीन दिवस दारोदार फिरल्या. "नमस्कार, आम्ही आपल्या निवासस्थानातील रेडॉनची पातळी तपासणार आहोत." निवासस्थान म्हटल्यावर बायका मागं वळून बघायच्या, की आणखी कुणी उभं आहे का. सोप्यातला, म्हणजे बाहेरच्या खोलीतला, चहा मिळाला; आतली खोली मिळाली नाही. शेवटी कुणीतरी सांगितलं, ह्या पेठेत थेट चुलीपर्यंत जाणारा एकच माणूस आहे, आणि सध्या तो मोकळा आहे.

मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. "काका, पन्नास डब्या आहेत. त्यातल्या किमान चाळीस शाबूत परत यायला हव्यात. आल्या, तर हिवाळ्याची फेरीही तुम्हीच कराल. नाहीतर आमचे सर म्हणतील, या भागात काम होत नाही, दुसरीकडे चला."

"चाळीस कशाला? पन्नास देतो की," मामा म्हणाले. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ते दारात उभे राहिले नाहीत, दारातून निघाले. आषाढ संपत आला होता. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डब्या. सगळ्यांचं मिळून वजन एका नारळाएवढं. गल्लीत शिरताना सवयीनं त्यांचा खांदा वाकलेलाच होता.

बायडाबाईंनी दार उघडलं. "दादासो! सिलिंडर कुठाय?"

"सिलिंडर न्हाय आक्का. आता दुसरा गॅस."

"कसला?"

"रेडॉन. जमिनीतनं येतोय, दगडातनं. उघड्यावर इरून जातोय, बंद खोलीत साठतोय."

"वास येतोय?"

"न्हाय."

"दिसतोय?"

"न्हाय."

"पेटतोय तरी?"

"न्हाय वो."

"मग त्येला गॅस कशाला म्हणायचं? घरजावई म्हण की. आवाज न्हाय, काम न्हाय, नुसता घरात बसून!"

मामा हसले नाहीत. हे आम्हाला नवीन होतं. "आक्का, माझ्या नाकाला आजवर सगळं कळलं. ह्ये कळत न्हाय. वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुप्फुसाला धोका, असं मॅडम सांगत्यात. तुमच्या आतल्या खोलीला खिडकी न्हाय. असंल, नसंल. बघूया तर खरं."

बायडाबाई बाजूला झाल्या. "लाव. तू म्हणतोस म्हणून."

अशा पन्नास घरांत 'तू म्हणतोस म्हणून' डब्या लागल्या. दोन हात दोरी, भिंतीपासून लांब, पंख्यापासून लांब, पोरांच्या हाताला येणार नाही अशा. प्रत्येक घरात एकच सूचना: "तीन महिनं हिला इसरून जायचं."

आणि इथंच घोटाळा झाला. आमच्या पेठेत वस्तू विसरायला वर्षातून फक्त साडेअकरा महिने मिळतात. घट बसायच्या आधीच्या पंधरवड्यात कुठलीच वस्तू विसरता येत नाही. चादरी, गोधड्या, पडदे, पाट, तांब्या-पितळेचे डबे, माळ्यावरचा पाळणा, सगळं बाहेर निघतं. गच्च्यांवर धुणं, कठड्यांवर धुणं. घरात एक वस्तू बिनधुतलेली राहिली तर देवी काय म्हणेल, ही भीती थोडी. शेजारीण काय म्हणेल, ही जास्त.

दसरा झाला, कोजागरी झाली, मामा डब्या काढायला आले. बायडाबाईंची डबी बर्फासारखी पांढरी झाली होती. वर हळदी-कुंकवाची दोन बोटं. दोरीत झेंडूचं वाळलेलं फूल.

"बघ, कशी ठेवलीया," बायडाबाई म्हणाल्या.

मामांनी डबी काढली. मान वाकडी केली. एक श्वास.

"आक्का. शिकेकाई?"

"हातासरशी नाहू घातली. दोन दिस गच्चीवर चांगली वाळवली, मगच टांगली."

मामा तिथंच पाटावर बसले. फिल्म भिजली, घासली गेली, दोन दिवस उन्हात राहिली. आता तिच्यावरच्या खुणा खोलीच्या की गच्चीच्या, कोण सांगणार?

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "आमच्यात घट न्हायत. आमची झाडलोट चौदा एप्रिलच्या आधी, तवा ती डोक्यात असती. पण सव्वीस वर्षं मी तुमची सिलिंडरंसुद्धा ह्या दिवसांत ओली बघितल्यात! नळाखाली धुऊन ठेवलेली! त्येच म्या मॅडमला सांगाय पायजे हुतं."

संध्याकाळपर्यंत गल्लीला सगळं कळलं. डब्या धुतल्या, चाळीस शाबूत नाहीत, दादासोचं काम जाणार. मग बायडाबाईंच्या सोप्यात बैठक बसली. मी दारातच होते. अशी बैठक ऐकायला मिळावी म्हणून माणसानं शाळा बुडवावी.

"आपुन धुतलीच न्हाय म्हणायचं!"

"व्हय. कोण बघाय आलतं?"

"माझ्या डबीला तर हातच लावला न्हाय." हे झुंबरबाई म्हणाल्या. त्यांची डबी आमच्या गच्चीवर, त्यांच्याच परकरांच्या रांगेत तीन दिवस लोंबत होती, हे अख्ख्या गल्लीनं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामा पिशवी घेऊन फिरले तर उरलेल्या एकोणपन्नास घरांत एकच पाठ केलेलं उत्तर. "न्हाय बा, हातसुद्धा लावला न्हाय." "देवाशपथ न्हाय." मामा डबी घ्यायचे, मान वाकडी करायचे, आणि पिशवीत टाकायचे. शेवटी ते बायडाबाईंकडे आले.

"आक्का, सगळ्यांस्नी गप करा. माझ्यासाठी बोलत्यात, कळतंय मला."

"मग घे की कळलंय तर! पन्नासच्या पन्नास देऊन टाक. तुझ्या मॅडमला काय सपान पडणार हाय?"

"त्या खुणा मोजणार. कागदावर लिवणार, बायडाबाईंच्या आतल्या खोलीत काय बी धोका न्हाय. आन् तो आकडा गच्चीचा असणार."

"असू दे. तुझं काम तर ऱ्हाईल."

"तुम्हाला येक इचारू? त्या दिवशी रेग्युलेटर गळत हुता. म्या नाक दाबून म्हटलं असतं, काय न्हाय, लावा दिवा, तर?"

 बायडाबाई पदरानं हात पुसत म्हणाल्या, "शिकेकाई. दोनदा घासली. लिव."

पुढचं मी मामांच्याच तोंडून ऐकलं, चार वेळा, आणि चारही वेळा एकसारखंच. म्हणजे खरं असणार. कॉलेजात त्यांनी मॅडमच्या टेबलावर डब्यांच्या दोन रांगा लावल्या. एकीत एकतीस, दुसरीत एकोणीस.

"ह्या धुतलेल्या. ह्या न धुतलेल्या. पन्नास म्हटलो हुतो, एकोणीस हायत."

मॅडमचा चेहरा पडला. "काका, पण बायका म्हणतात की धुतलेल्याच नाहीत. बायडाबाई सोडून सगळ्यांनी मला फोनवर तसंच सांगितलं. तुम्ही कशावरून ठरवलंत?"

"वासावरनं. ही शिकेकाई. ही चिंच, पितळेच्या भांड्यांसंगट घासलीया. ही धुण्याच्या पावडरीची. ह्या चौघी फिनेलवाल्या. आन् ही न धुतलेली, हिला फोडणीचा वास हाय; तीन महिन्यांचा बसलाय, धुतली असती तर गेला असता."

मॅडमनी सगळ्या डब्यांचे नंबर लिहून घेतले. मग डब्या एका खोक्यात कालवल्या, मामांना पाठमोरं बसवलं आणि एकेक डबी नाकाशी धरली. अर्धा तास लागला. एकतीस आणि एकोणीस. नंबर तेच, एकही इकडचा तिकडे नाही. मामांना मध्ये एकदा शिंक आली, तेवढाच खंड.

"मला या एकतीस वगळता येतील," मॅडम हळूच म्हणाल्या. "कारणासकट लिहिता येईल. पण चाळीस नाही झाल्या, काका. सरांना विचारावं लागेल."

"इचारा. आन् त्यांस्नी येक सांगा. दिवाळीचा फराळ संपला की डब्या लावायच्या, शिमग्याच्या आधी काढायच्या. मधी कोण काय धूत न्हाय. आन् थंडीत आमच्यात खिडक्या बंदच असत्यात."

मॅडमनी हे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले, शिमग्यासकट.

मग मामा वाट बघत बसले. बसले म्हणजे, अंजनाकाकू म्हणाली, पुन्हा नऊ वाजता दारात उभे राहायला लागले. दिवाळी आली. त्यांनी पोरांच्या किल्ल्याला माती कालवून दिली, डाव्या हातानं. फोन खिशात नाही, उजव्या मुठीत. चकल्या संपल्या, लाडू संपले, डब्यात नुसता चिवड्याचा चुरा राहिला. सरांचा निरोप नाही.

एका सकाळी मी दात घासत होते आणि खाली आरोळी झाली. ठण्ण नव्हतं, धापा नव्हत्या. नुसताच आवाज, पण तोच.

"गॅऽऽस! कडी काढा वो आक्का!"

मी धावत गॅलरीत गेले. खाली मामा उभे. खांद्याला तीच कापडी पिशवी, भरलेली.

बायडाबाईंनी दार उघडलं. पिशवीकडं बघितलं, मामांकडं बघितलं, आणि काही न विचारता आत जाऊन स्टूल घेऊन आल्या. सोप्याच्या आणि आतल्या खोलीच्या उघड्या दारांतून मला वरून दिसलं, मामांनी डाव्या हातानं दोरी बांधली.

"आता धुवायची न्हाय?"

"शिमग्यापतूर हात लावायचा न्हाय."

"हळदी-कुंकू?"

"ते बी न्हाय."

बायडाबाईंनी डबीकडं संशयानं बघितलं. "मग पुसू तरी?"

"आक्का!"

"बरं बरं." त्या दोन पावलं मागं सरकल्या आणि लांबूनच हात जोडले. डबीला की मामांना, ते मला वरून नीट दिसलं नाही.