रस्त्यापलीकडे ऐकू गेलेली दवंडी

आम्ही दोघा नवराबायकोंनी मिळून केलेले शेवटचे साधे काम म्हणजे गोधडी पिळणे. परसात विहिरीशी उभे होतो. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ओली गोधडी एकट्या माणसाला पिळता येत नाही. मी ज्या अंगाला पीळ देई त्याच अंगाला ती देई, मग गोधडी नुसती गोल फिरे, आणि चूक माझी आहे असे ती म्हणे.

मागच्या पडवीत माझ्या वर्गातली पोरे बसली होती. रविवार होता. जिनगराचा यशवंता उभा राहून आपला कागद वाचत होता.

"उद्या रस्त्यावर पाणी शिंपण्यात येणार आहे, तरी दुकाने मागे घेण्यात यावीत व ढोरे बांधण्यात यावीत."

ती पीळ न सोडता म्हणाली, "कोणता रस्ता? गावातले सगळे?"

यशवंता पुन्हा कागदात बघू लागला.

"आणि दुकान मागं किती घ्यायचं? घरात नेऊन ठेवू?"

पोरे हसली.

"बांधलेली म्हैस सोडायची कधी ते सांग. का तिला जन्मभर बांधून ठेवू?"

यशवंताने कागदाची घडी केली. "नीट लिहून आणतो, काकू."

त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. पुढच्या रविवारी ती नव्हती. त्याबद्दल मला अधिक लिहिता येत नाही आणि लिहायचेही नाही. मला शाळेतली हकीकत सांगायची आहे, ती सांगतो.

मी देवासला थोरल्या पातीच्या राज्यातल्या एका शाळेत मास्तर होतो. शिकलो मराठी पाचवीपर्यंत. वडील पागेत होते. त्या वेळी मास्तर मिळत नसत म्हणून मला घेतले, आणि मग कोणी काढले नाही. माझ्याकडे मिडल स्कूलचा खालचा वर्ग. पोरे अकरा-बारा वर्षांची, म्हणजे धड लहान नाहीत आणि ऐकतही नाहीत, अशा वयाची.

या वर्गाला व्याकरण आणि लेखन हे दोन विषय. व्याकरण शिकवायची रीत म्हणजे व्याकरण चालवणे. वाक्यातला एकेक शब्द घ्यायचा आणि त्याची जात, लिंग, वचन, विभक्ती सांगायची. पोरे ते सुरात म्हणत. घाण्याचा बैल फिरतो तसे वाक्य फिरे. सगळ्या विभक्त्या पाठ असलेल्या एका पोराने मामाला कागद लिहिला, "आजारी आहे, येऊन न्यावे." कोण आजारी आणि काय न्यावे, ते नाही. मामा घाबरून तिरल्याहून बैलगाडी घेऊन आला. आजारी होती ती शेळी.

तेव्हापासून मी दवंडीचा धडा सुरू केला. दवंडी सगळ्या पोरांना माहीत. दवंडीवाला डफ वाजवतो, एकदा ओरडतो आणि पुढच्या चौकात निघून जातो. त्याला कोणी "म्हणजे काय?" विचारू शकत नाही. म्हणून जे सांगायचे ते एका ऐकण्यात कळले पाहिजे. प्रत्येकाने आठवड्यात एक दवंडी लिहायची आणि रविवारी माझ्या घरी येऊन वाचायची. ऐकायला आमचे कुटुंब, म्हणजे पोरांची काकू.

तिला अक्षर येत नव्हते. म्हणूनच तिला बसवले. ती ऐके आणि ऐकले तसे करून दाखवी. एकाने लिहिले, "पाणी भरून ठेवावे." तिने त्याचीच टोपी उचलून तिच्यात तांब्या ओतला. तो रडकुंडीला आला. ती म्हणाली, "कशात भरायचं ते तू कुठं सांगितलंस?" त्यानंतर वर्गात कोणी भांडे लिहायला विसरले नाही.

सोमवारी मी तिचे प्रश्न फळ्यावर मांडी. तिने "कुणी?" विचारले असेल तिथे कर्ता सापडत नव्हता. "काय?" विचारले तिथे कर्म. "कधी, कुठं?" विचारले तिथे क्रियाविशेषण. पोरे आपणहून सांगू लागली. मी फक्त तिच्या प्रश्नांना पुस्तकातली नावे देत होतो.

तेरावे झाल्यावर मी शाळेत गेलो. दुपारच्या सुट्टीत यशवंता आला. त्याने कागद पुढे केला.

"काकूंनी विचारलेलं सगळं घातलंय," म्हणाला. "आता कुणाला ऐकवू?"

मी म्हणालो, शाळेच्या दारात उभा राहून ऐकव. समोरच्या बाजाराला ऐकू दे. त्याने दुसऱ्या एका पोराला रिकामा डबा वाजवायला घेतला आणि गेला. त्याच्या बापाचा आवाज मोठा, त्याचाही तसाच.

इथे देवासचे थोडे सांगावे लागते. गाव एक, राज्ये दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन कचेऱ्या, दोन्हींचे पोलीस वेगळे. राजे दोन्ही मराठे, म्हणून बाजारातल्या माळवी बोलणाऱ्यांनाही मराठी कळते. बाजाराचा मोठा रस्ता मधून जातो. अलीकडची दुकाने आमची, पलीकडची त्यांची. आमच्या शिपायाला पलीकडे जाऊन कोणाला हटकता येत नाही, त्यांच्या शिपायाला अलीकडे. पायात जोर असलेल्या चोराला हे गाव फार सोयीचे.

यशवंता ओरडला ते असे होते. "ऐका हो ऐका. उद्या सकाळी बाजाराच्या या मोठ्या रस्त्यावर भिस्ती पाणी शिंपणार आहेत. दुकानदारांनी आपली दुकाने रस्त्यापासून चार हात मागे घ्यावीत. सगळ्यांनी आपली ढोरे घरी बांधावीत. रस्ता वाळला की ढोरे सोडावीत आणि दुकाने पुढे आणावीत."

अलीकडच्या लोकांनी मान वर करून पाहिले. त्यांना पोरे ओळखीची. त्यांनी काहीच केले नाही. पलीकडे पोरे कोणी ओळखत नव्हते. त्यांना फक्त शब्द ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत आलो तर धाकट्या पातीचा सगळा बाजार चार हात मागे सरकलेला. एक ढोर रस्त्यावर नाही. कापडवाला, तेली, भाजीवाल्या, सगळे भिंतीला पाठ लावून भिस्त्याची वाट बघत बसलेले. भिस्ती कोठून येणार? रस्ता ओला झालाच नाही, म्हणून तो वाळलाही नाही, म्हणून पुढे कोणी येईना.

दुपारी मला बोलावणे आले. शाळेच्या व्हरांड्यात आमच्या खात्याचे सुपरिंटेंडेंट साहेब बसले होते. बी. ए. झालेले, पुण्याकडून आलेले, हळू बोलणारे. शेजारी धाकट्या पातीचा जमादार उभा. त्याला खुर्ची दिली होती, पण अलीकडच्या खुर्चीवर बसायची त्याची तयारी नव्हती. साक्षीला त्याने पलीकडची गेंदीबाई नावाची काछीण आणली होती. ती भाजी विकायची. पायरीच्या खाली उभी राहून ती आमच्याकडे असे बघत होती की लवकर आटपा.

साहेबांनी विचारले, "मास्तर, दवंडी द्यायला कोणी सांगितलं?"

"मी सांगितलं."

"दरबारच्या परवानगीवाचून?"

"ती दवंडी नव्हती, साहेब. लेखनाचा धडा होता."

जमादार म्हणाला, "धडा हो या कुछ भी हो. आपके लड़के ने हुकुम दिया और हमारी रैयत ने मान लिया. इसका मतलब क्या हुआ?"

मतलब मला तेव्हा कळला. आपल्या राज्यात दुसऱ्या राज्याचा हुकूम चालला, असे झाले होते. जमादाराचे म्हणणे पडले की मास्तराला काढा आणि पोराला बाजारासमोर छड्या द्या.

माझ्या नोकरीचे मला त्या दिवसांत फारसे वाटत नव्हते. एकट्या माणसाला कितीसे लागते? पण छड्यांचे नाव निघाले तेव्हा मी पुढे झालो. ती दवंडी आमच्या कुटुंबाने दुरुस्त केलेली शेवटची. तिच्यापायी पोराने मार खाल्ला असता तर तो पुन्हा कधी नीट लिहिणार नव्हता, आणि त्याला बघून बाकीचेही नाहीत.

मी म्हणालो, "मला काढायचं तर काढा. पोराला मारायचं असेल तर आधी त्या कागदात चूक दाखवा."

साहेबांनी कागद घेतला. सावकाश वाचला. परत वाचला. चूक सापडती तर त्यांना बरे वाटले असते. त्यांनी कागद खाली ठेवला आणि गेंदीबाईकडे वळले. विचारले, तू हा हुकूम कोणाचा समजलीस?

ती म्हणाली, "हुकम कुण को हे, यो म्हने नी पूछ्यो. समझ में आयो, करी लियो."

हुकूम कोणाचा ते विचारले नाही, कळला म्हणून केला. जमादाराने तिच्याकडे डोळे वटारले. त्यावर तिने सांगून टाकले की तुमचा दवंडीवाला ओरडून जातो तेव्हा आम्ही दोन दिवस एकमेकींना विचारत फिरतो की तो म्हणाला काय. आणि आता मी दुकान पुढे घेऊ का नको, तेवढे सांगा, माझा पाला सुकतो आहे.

तेव्हा खरी अडचण बाहेर आली. जमादार नुसता रागावून आला नव्हता. त्याचा बाजार भिंतीला चिकटून बसला होता आणि त्याला पुढे कसे आणायचे ते त्याच्या कचेरीला सुचत नव्हते. त्यांनी दवंडी द्यावी तर पहिला हुकूम खरा होता असे कबूल केल्यासारखे होते. आमच्याकडून द्यावी तर आमचा हुकूम तिकडे दुसऱ्यांदा चालला असे होते.

साहेब म्हणाले, "मग द्यावी कोणी?"

मी म्हणालो, "ज्यानं दिली त्यानं."

"तो अकरा वर्षांचा आहे, मास्तर."

"म्हणूनच. त्याला कुठलंच राज्य नाही."

जमादाराने मिशीवरून हात फिरवला. म्हणाला, चालेल, पण लड़का तुमच्या बाजूला उभा राहणार नाही. साहेब म्हणाले, तुमच्याही नाही. मग रस्त्याचा मध्य काढावा लागला. जमादार काठीने मोजू लागला, आमच्या शिपायाने पावलांनी मोजले, दोघांचे मध्य वेगळे आले. गेंदीबाई मधे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, यहाँ. तेच ठरले.

तोवर वर्गात यशवंताने लिहून आणले. साहेबांनी सुचवले की "पूर्वी जाहीर करण्यात आलेल्या मजकुरासंबंधाने" अशी सुरुवात असावी. यशवंता म्हणाला, "साहेब, एवढ्यात माणसं पुढं निघून जातात." मला वाटले आता गेली आपली नोकरी. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, तुझं वाच.

तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडला. "ऐका हो ऐका. या रस्त्यावर कोणी पाणी शिंपणार नाही. सगळ्यांनी दुकाने होती तिथे आत्ताच आणावीत. ढोरे सोडावीत."

त्याचे म्हणून होईपर्यंत दुकानांच्या फळ्या सरकायला लागल्या होत्या. आमच्या बाजूचे लोक दारात उभे राहून हसत होते. जमादार पलीकडे गेला. छड्यांचे नाव पुन्हा निघाले नाही.

सगळे गेल्यावर साहेबांनी मला थांबवले. म्हणाले, "धडा वाईट नाही. पण रस्त्यावर नाही. पुन्हा झालं तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही. तुमच्या घरी चालवत होता म्हणे, तसाच घरी चालवा. घरात कोण काय ऐकतं त्याच्याशी कुठल्याच दरबारचा संबंध नाही."

मी म्हणालो, "घरी ऐकणारं कोणी राहिलं नाही, साहेब."

त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिले. तिच्या क्रियेत काढलेले केस अजून खुंटाएवढेच होते.

"मग तुम्हीच ऐका," म्हणाले.

"मला वाचता येतं. राहिलेलं मी मनातच भरून घेतो. तिला असं भरता येत नव्हतं."

ते उठले आणि जाताना म्हणाले, "बघा कोणी मिळतं का."

माझी नोकरी राहिली, ती पुढे म्हातारा होईपर्यंत राहिली. त्या प्रकरणातून मी जे शिकलो ते नव्या मास्तरांना सांगतो. पोरांना नीट लिहायला शिकवायचे असेल तर आवाज कुठवर जातो ते आधी बघून ठेवा. मोघम लिहिणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, कारण त्याच्या लिहिण्याने काही होतच नाही. कळेल असे लिहिले की माणसे तसे वागतात, आणि मग कचेरीतून बोलावणे येते.

त्या प्रकरणाच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. यशवंताला मी ये म्हणून सांगितले होते. कशाला, ते मलाही नक्की नव्हते. तो नवा कागद घेऊन पडवीत येऊन बसला. गेंदीबाई बाजारात बसण्याआधी आमच्या आळीत टोपली घेऊन येई. तिने दारातून मेथी म्हणून हाक दिली. मी बाहेर गेलो आणि तीन जुड्या घेतल्या. निवडून दे म्हणालो, मला येत नाही. तिने एकदा घरात पाहिले, एकदा माझ्याकडे. एकट्या माणसाला तीन जुड्या लागत नाहीत हे तिलाही कळत होते. तिने टोपली उतरवली आणि पडवीत येऊन बसली. मी यशवंताला म्हणालो, वाच, ही ऐकेल.