वाक्य अर्धंच राहिलं

"आता मी खिडकी लावतोय," असं म्हणून मगच तो उठायचा. लावून झाली की म्हणायचा, "झालं." काय बाई हे खूळ, असं तुम्हीही म्हणाल. आम्ही तर तोंडावर हसायचो. नव्वदच्या दशकात टेंभी नाक्याजवळ आमचं छोटंसं कॉम्प्युटर ऑफिस होतं, तिथला तो प्रोग्रामर. आता कुठे असतो कोण जाणे.

तेव्हा दुपारी लाइट जायचीच. पंखा रेंगाळत थांबायचा, मशीन काळं पडायचं आणि फाइल अर्धी जुनी, अर्धी नवी होऊन बसायची. त्यावर त्याने प्रोग्राम लिहिला. काय बदलायचं ते मशीनने आधी बाजूला नोंदवायचं, मग बदलायचं. लाइट आली की नोंद बघून राहिलेलं काम पुरं करायचं.

"आणि नोंदच अर्धी असेल तर?" मी विचारलं.

"सोडून द्यायची. काही घडलंच नाही असं समजायचं," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

एकदा बोलता बोलता तो कोसळला. फिट आलेली. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "मी काय म्हणालो होतो?"

"फाइल बदलतोय म्हणालास."

"झालं म्हणालो?"

"नाही रे."

"मग पुन्हा करतो."

तो सगळं मोठ्याने का बोलतो, ते तेव्हा कळलं. नंतर हसायची कुणाची छाती झाली नाही. फार लळा लागला होता त्याचा आम्हाला.

पुढे कल्याणच्या एका शिक्षिकेशी त्याचं लग्न ठरलं. फिटचं त्याने पहिल्याच भेटीत सांगितलेलं. तिला चालत होतं, यालाच चालेना. "अगं, तिच्या गळ्यात हे लोढणं कशाला?" एका सकाळी मला म्हणाला. आज हा लग्न मोडणार, हे मी ओळखलं.

दुपारी ती आली. लाइट गेलेली, टेबलांवर पिवळं ऊन पसरलेलं, रस्त्यावरचे आवाज कुठून तरी लांबून येत होते. तो तिच्यासमोर उभा राहिला.

"आता मी तुला सांगतोय, की..."

आणि खाली कोसळला.

तिने त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली पर्स ठेवली. मी पाणी घेऊन धावले तर म्हणाली, "आत्ता नको ताई, पूर्ण जागं होऊ दे त्याला." घाबरलो ते आम्हीच.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. "मी काय म्हणत होतो?"

ती माझ्याकडे बघायला लागली. माझ्या अगदी ओठांवर आलेलं. गिळलं.

"वाक्य अर्धंच राहिलं रे," मी म्हणाले.

थांबलेल्या पंख्याकडे बघत तो पडून राहिला. मग म्हणाला, "मग सोडून द्यायचं," आणि उठण्यासाठी तिच्यापुढे हात केला.